ग्रोथ हार्मोनची सुई: रोज, सहा दिवस की आठवड्यातून एकदा?

कोपरीकर | शनिवार, रात्री ९:१२

इतर धाग्यांत हा प्रश्न मध्येच येतो आणि वाहून जातो, म्हणून वेगळा धागा काढतोय. ग्रोथ हार्मोन कमी पडतं म्हणून ज्या मुलांना त्याची सुई देतात, त्यांचा आठवड्याचा एकूण डोस तोच ठेवून तो वेगळ्या पद्धतीने वाटून दिला, तर उंचीत फरक पडतो का? डोस किती हे एंडोक्रायनॉलॉजिस्टच (हार्मोनतज्ज्ञ डॉक्टर) ठरवणार. इथे फक्त तो शरीरात कसा पोचतो आणि वाटेत कुठे सांडतो, याबद्दल बोलू. जिमवाल्यांनी कृपया दुसरं दार बघावं.

सुरुवात शरीरापासून. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी हे हार्मोन सतत पाझरत ठेवत नाही, उसळ्यांनी सोडते. बराच वेळ रक्तात जवळपास काहीच नसतं, मग एकदम उसळी. सगळ्यात मोठी उसळी झोप लागल्यानंतरच्या पहिल्या गाढ झोपेत येते. रक्तात आलेलं हार्मोन वीसेक मिनिटांत निम्मं होतं. म्हणून सकाळी सहज काढलेल्या रक्तात पातळी ०.१ आली तरी त्यावरून निदान होत नाही. धडधाकट मुलाचीही तेवढीच येऊ शकते. त्यासाठी क्लोनिडीन, ग्लुकॅगॉन अशी औषधं देऊन, ठरावीक अंतराने रक्त काढून उसळी येते का ते बघतात.

सुईने दिलेल्या हार्मोनची उसळी होत नाही, टेकडी होते. त्वचेखालून ते सावकाश रक्तात उतरतं, ३ ते ५ तासांत माथा गाठतं आणि १२ ते २० तासांत तळाला येतं. म्हणजे रोजची सुईसुद्धा निसर्गाची नक्कल नाहीच. मग निसर्गाच्या किती जवळ जायला हवं, हा खरा मुद्दा.

परीक्षानळी | शनिवार, रात्री १०:०५

चांगला धागा. उंदरांपासून सुरू करतो, कारण ‘उसळ्याच हव्यात’ हा समज तिथूनच आलाय. नर उंदरात तीन-साडेतीन तासांनी ठळक उसळ्या येतात, मादीत पातळी बरीचशी सपाट असते, आणि नर जास्त वाढतो. पिट्युटरी काढलेल्या उंदरांना तेवढंच हार्मोन उसळ्यांनी दिलं तर सतत थेंब-थेंब देण्यापेक्षा वाढ जास्त होते. पेशीवरच्या रिसेप्टरला हार्मोन चिकटलं की आत जॅक२ आणि मग स्टॅट५बी ही निरोप पुढे नेणारी प्रथिनं जागी होतात. त्यांना मधे विश्रांती मिळाली तर पुढच्या उसळीला जोरात प्रतिसाद देतात. हार्मोन सतत समोर राहिलं तर पेशी स्वतःच ब्रेक लावते.

माणसात मात्र चित्र इतकं सरळ नाही. कमतरता असलेल्या रुग्णांना पंपाने सतत आणि दुसऱ्या गटाला रोज एक सुई, असं करून पाहिलं तेव्हा सतत दिलेल्यांतही आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनच्या सांगण्यावरून तयार होऊन वाढ घडवणारा घटक) तितकाच चढला. यकृतात तयार होणारा हा आयजीएफ-१ रक्तात दोन प्रथिनांबरोबर जोडीने फिरतो आणि बारा तासांहून जास्त टिकतो. हार्मोनची टेकडी संपली तरी आयजीएफ-१ची पातळी दिवसभर जवळजवळ सपाट राहते. हाडाच्या टोकाच्या कूर्चेवर हार्मोन थेटही काम करतं, त्यामुळे सगळा हिशोब आयजीएफ-१वर मांडता येत नाही, पण मोठा भाग मांडता येतो.

डोस वाटण्याने फरक पडतो याचा माणसातला सगळ्यात भक्कम पुरावा इतिहासात आहे. १९५८ मध्ये पहिल्यांदा मानवी हार्मोनने उपचार झाला. तेव्हा ते मृतदेहांच्या पिट्युटरीतून काढत. माल तुटपुंजा, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूत सुई. १९८५ मध्ये त्यातून क्रॉइट्झफेल्ड-याकोब हा मेंदूचा जीवघेणा आजार पसरल्याचं उघड झालं, ते बंद झालं आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत बनवलेलं हार्मोन अमेरिकेत मंजूर झालं. औषध मुबलक झाल्यावर आठवड्याचा तोच एकूण डोस तीनऐवजी सहा-सात भागांत दिला, तर मुलं जास्त वाढतात असं दिसलं. रोजची सुई तिथून आली.

सानपाडा_लोकल | शनिवार, रात्री १०:२१

सहा-सात असं एका दमात म्हणालात. पण चिठ्ठीवर कुणी सहा दिवस लिहितं, कुणी सात. दोन्ही सारखंच?

औषधपेटी | शनिवार, रात्री ११:४०

एकूण सारखं ठेवलं तर वाढीत मोजण्यासारखा फरक नाही. २० किलोचं मूल धरा. मुलांमधल्या कमतरतेसाठी रोजचा डोस साधारण ०.०२५ ते ०.०३५ मिलिग्रॅम प्रति किलो. ०.०३ने रोज ०.६, आठवड्याला ४.२ मिलिग्रॅम. सहा दिवसांत बसवायचं तर रोज ०.७. घोळ इथे होतो: चिठ्ठी सात दिवसांची, घरात रविवारची सुट्टी स्वतःच ठरवलेली, आणि डोस ०.६च. आठवड्याला १४ टक्के गेले. त्यात एखादी सुई विसरली की जवळपास २९ टक्के. माझं मत सातच्या बाजूने. सुट्टी एकदा घरात शिरली की एकटी येत नाही.

आता त्याहून मोठा घोळ, युनिटचा. १ मिलिग्रॅम म्हणजे ३ युनिट. चिठ्ठीवर ‘१.८ युनिट’ आणि पेनच्या (आकडा फिरवून डोस लावायचं, पेनासारखं सुईचं साधन) खिडकीत मिलिग्रॅम असले आणि कुणी १.८ फिरवलं, तर तिप्पट डोस गेला. उलट झालं तर एक तृतीयांश. पहिल्या दिवशी चिठ्ठीवर डॉक्टरांकडूनच दोन्ही आकडे लिहून घ्या.

बाटलीतली पूड पाण्यात मिसळून इन्सुलिनच्या सिरिंजने देणाऱ्यांनी तर हे दोनदा वाचा. सिरिंजवरचे ‘युनिट’ इन्सुलिनचे आहेत, ग्रोथ हार्मोनचे नाहीत. ४ युनिटची बाटली १ मिलिलिटर पाण्यात मिसळली, तर १.८ युनिट म्हणजे ०.४५ मिलिलिटर. नारिंगी टोपणाच्या १०० युनिटवाल्या सिरिंजवर ती ४५ची रेघ. लाल टोपणाच्या ४० युनिटवाल्या सिरिंजवर तेवढंच औषध १८च्या रेघेवर येतं. आपल्याकडे दोन्ही सिरिंजा मिळतात. लाल टोपणाच्या सिरिंजची सवय असताना केमिस्टने नारिंगी दिली आणि हात १८वरच थांबला, तर निम्म्याहून कमी औषध जातं. कुणाला काही होत नाही, फक्त सहा महिन्यांनी उंची हलत नाही आणि सगळे औषधाला दोष देतात.

कोपरीकर | रविवार, सकाळी ७:५०

टोपणाचा रंग आणि रेघेचा आकडा फ्रीजच्या दारावर चिकटवून ठेवण्यासारखं आहे. पेनमध्ये उरलेल्या औषधाचं काय? शेवटी नेहमी ०.३-०.४ राहतं.

औषधपेटी | रविवार, सकाळी ९:१५

१० मिलिग्रॅमच्या कार्ट्रिजमधून (पेनात बसणारी औषधाची नळी) ०.६ने सोळा डोस, ०.४ शिल्लक. सतराव्या दिवशी ०.४ जुन्यातून आणि ०.२ नव्यातून, दोन टोचण्या. मुलाला ते आवडत नाही म्हणून बरेच जण ०.४वरच थांबतात किंवा कार्ट्रिज फेकतात. डॉक्टरांना विचारून डोस ०.६२५ केला तर १०ला बरोबर सोळा डोस, ५च्या कार्ट्रिजला आठ. मात्र ०.०२५च्या पायऱ्या असलेलं पेन हवं. काही पेनमध्ये पायरी ०.०५ किंवा ०.१ची असते. शिवाय नवं कार्ट्रिज लावताना हवा काढायला जे थेंब सोडतो ते यातूनच जातात, त्यामुळे शेवटचा डोस अपुरा निघू शकतो. खिडकीत आकडा शून्यावर आला का ते दरवेळी बघा. मधेच अडकला तर जो आकडा दिसतोय तेवढं औषध अजून द्यायचं राहिलंय.

उलट बाजूही आहे. १२ किलोच्या मुलाला रोज ०.३६ लागतं. त्याला ‘मोठं स्वस्त पडतं’ म्हणून १५चं कार्ट्रिज घेतलं तर २८ दिवसांत १० मिलिग्रॅम संपतं, आणि उघडल्यापासून चार आठवडे झाले म्हणून उरलेलं जवळजवळ ५ टाकावं लागतं. आकार वजनावरून ठरवा.

येऊरची_वाट | रविवार, दुपारी १:३०

टोचण्याबद्दल थोडं, कारण डोस कागदावर बरोबर असून कातडीवर सांडतो.

वेळ झोपण्याआधीची. रात्री दिलं की चरबी-साखरेचा रात्रीचा हिशोब नैसर्गिक क्रमाच्या जवळ जातो. पण क्लासवरून मूल साडेदहाला येतं, जेवून सोफ्यावरच झोपतं आणि सुई राहते, अशा घरात क्लासला जाण्याआधीची ठरावीक वेळ जास्त कामाची. घड्याळातल्या दोन तासांनी उंची कमी होत नाही, राहून गेलेल्या सुईने होते.

पेन फ्रीजमधून १५-२० मिनिटं आधी काढा. थंड औषध जास्त झोंबतं. ४ मिलिमीटरची सुई, सरळ ९० अंशात. बटण पूर्ण दाबल्यावर सहा ते दहापर्यंत मोजा आणि मगच सुई बाहेर. बाहेर काढल्यावर टोकाला टपोरा थेंब आला म्हणजे घाई झाली. वापरलेली सुई पेनवर ठेवून फ्रीजमध्ये टाकू नका, आत हवा शिरते, औषध गळतं आणि दुसऱ्या दिवशीचा डोस चुकतो.

पूड मिसळताना पाणी बाटलीच्या काचेवरून सावकाश सोडा आणि बाटली दोन तळव्यांत फिरवा. कफ सिरपसारखी हलवायची नाही. हे प्रथिन आहे, फेसाळलं की गुठळ्या होतात. गढूळ दिसलं तर वापरू नका.

मांडी, पोट, कुल्ल्याचा वरचा बाहेरचा भाग, दंडाची बाहेरची बाजू. मुलांना एकच जागा सोयीची वाटते, ‘इथे दुखत नाही’ म्हणतात. एकाच जागी रोज टोचलं की तिथली चरबी विरघळून खळगा पडतो किंवा गाठ येते, आणि तिथून औषध नीट शोषलं जात नाही. कॅलेंडरवर डावी-उजवी लिहून ठेवलं की भांडण मिटतं.

ऐरोली_पूल | रविवार, दुपारी २:०२

काल राहिली तर आज दुप्पट?

येऊरची_वाट | रविवार, दुपारी २:१०

नाही. रात्रीच थोड्या उशिराने आठवलं तर द्या. सकाळी आठवलं तर तो डोस गेला, आज रात्री नेहमीचाच. दुप्पट दिल्याने कालची वाढ परत येत नाही. डोकेदुखी, सूज, साखर यांचा धोका तेवढा वाढतो. राहिलेले डोस मात्र लिहून ठेवा आणि तपासणीला खरं सांगा. नाहीतर ‘प्रतिसाद कमी’ म्हणून डोस वाढतो आणि कारण तसंच राहतं.

परीक्षानळी | रविवार, सायंकाळी ६:४५

आता आठवड्याच्या सुईकडे. पहिला प्रयत्न फसला होता: १९९९ मध्ये अमेरिकेत महिन्यातून एकदा-दोनदा द्यायचं डेपो इंजेक्शन आलं, २००४ मध्ये बंद झालं. सूक्ष्म गोळ्यांतून पहिल्या दोन-तीन दिवसांत भसकन औषध सुटायचं, मग ओहोटी. रोजच्या सुईएवढी वाढ होत नसे. डोस वाटण्याचा आकार बिघडला तर काय होतं, याचं हे चांगलं उदाहरण.

आठवड्याच्या नव्या तीन औषधांची युक्ती वेगवेगळी. लोनापेगसोमाट्रोपिन (मुलांसाठी अमेरिकेत २०२१) हे मूळ हार्मोनच एका वाहकाला बांधून देतं आणि शरीरात सावकाश मोकळं होतं. सोमापॅसिटान (मुलांसाठी २०२३) रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरतं. सोमाट्रोगॉन (अमेरिकेत २०२३) हे हार्मोनला प्रथिनाचे तुकडे जोडून मोठं केलेलं. आता डोस बघा, आठवड्याला प्रति किलो: ०.२४, ०.१६ आणि ०.६६ मिलिग्रॅम. २० किलोच्या मुलाला अनुक्रमे ४.८, ३.२ आणि १३.२. हे आकडे एकमेकांशी तोलायचे नाहीत. रेणूचं वजन वेगळं, ताकद वेगळी. रोजचे ४.२ मिलिग्रॅम म्हणजे आठवड्याचेही ४.२, हे गणित तर मुळीच लावायचं नाही.

पहिल्या वर्षीची वाढ, प्रत्येकाच्या मुख्य चाचणीत, आठवड्याची विरुद्ध रोजची: लोनापेग ११.२ विरुद्ध १०.३ सेंटिमीटर, सोमाट्रोगॉन १०.१ विरुद्ध ९.८, सोमापॅसिटान ११.२ विरुद्ध ११.७. म्हणजे रोजच्या तोडीस तोड. उंदरांवरून घातलेली भीती इथे खरी ठरली नाही.

सानपाडा_लोकल | रविवार, रात्री ८:१८

मग सगळ्यांनी आठवड्याचीच का घेऊ नये? ३६५ ऐवजी ५२ टोचण्या.

परीक्षानळी | रविवार, रात्री ९:००

ज्या घरात रोजच्या सुया राहतात तिथे ती उजवीच. पण रोजची एक सुई राहिली तर सातवा भाग जातो, आठवड्याची राहिली तर सगळा आठवडा. आणि हार्मोन रक्तात दिवसच्या दिवस राहतं, ही गोष्ट निसर्गात कधी नव्हती. साखर, आयजीएफ-१ दीर्घकाळ वर राहणं, पूर्ण वाढ झाल्यावरची उंची, याबद्दल रोजच्या सुईमागे जवळजवळ चार दशकांचा अनुभव आहे. आठवड्याच्या सुईमागे मोजक्याच वर्षांचा.

आयजीएफ-१चं रक्त कधी द्यायचं, इथे खूप लोक फसतात. रोजच्या सुईत कुठल्याही दिवशी दिलं तरी चालतं. आठवड्याच्या सुईत पातळी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माथ्यावर असते, सातव्या दिवशी तळाला, आणि आठवड्याची सरासरी साधारण चौथ्या दिवशी सापडते. सुई रविवारी असेल तर रक्त गुरुवारी. मंगळवारी दिलं तर रिपोर्ट उगाच जास्त दिसेल आणि डोस कापला जाईल. पुढच्या रविवारी सुईआधी दिलं तर कमी दिसेल आणि वाढवला जाईल. घरी येऊन रक्त नेणाऱ्याला सुईचा वार सांगा आणि फॉर्मवर लिहायला लावा. पुढच्या वेळी तीच लॅब. दोन लॅबच्या पद्धती वेगळ्या असतात.

खारघर_टेकडी | रविवार, रात्री १०:३३

साठवणीबद्दल कुणीच लिहिलं नाही, आणि आपल्या हवेत अर्धी लढाई तीच आहे.

न उघडलेलं औषध २ ते ८ अंशांत. फ्रीजच्या दारात नको, दार उघडझाप करताना तापतं. एक दाराच्या जुन्या फ्रीजमध्ये फ्रीझरखालचा ट्रे आणि मागची भिंत या गोठण्याच्या जागा. मधल्या फळीवर, डब्यात, भिंतीला न टेकवता. गोठून वितळलेलं औषध दिसायला स्वच्छच असतं, पण वाया गेलेलं असतं. कमाल-किमान लक्षात ठेवणारा छोटा डिजिटल थर्मामीटर त्या डब्यातच ठेवा. शून्याखाली गेल्याचं दिसलं तर पेन टाका, कितीही जीव हळहळला तरी.

काही पेनच्या माहितीपत्रकात ‘उघडल्यावर २५ अंशांखाली तीन आठवडे’ असं असतं. लोनापेगला ३० अंशांपर्यंत सहा महिने चालतात. मे महिन्यात घोडबंदर रोडवरच्या पश्चिमेकडच्या खोलीत रात्री अकरालाही ३०च्या खाली पारा येत नाही. ते ‘रूम टेंपरेचर’ आपल्या रूमचं नव्हे.

वीज गेली तर फ्रीज उघडू नका, बंद दाराआड काही तास थंडावा टिकतो. पाण्यात भिजवून वापरायची कापडी पाऊच नागपूरला मे महिन्यात छान चालते, कारण हवा कोरडी असते आणि पाणी भराभर उडतं. ठाण्यात जुलैमध्ये पाणी उडतच नाही, पाऊच नुसती ओली राहते आणि आत बाहेरच्याइतकंच तापमान. गणपतीला पनवेलहून गाडी पकडून कोकणात जाणाऱ्यांनी रुंद तोंडाचा थर्मास घ्यावा: तळाला जेल पॅक, वर दुमडलेला जाड नॅपकिन, त्यावर झिपच्या पिशवीत पेन. पॅक थेट पेनला लागला तर तिथेच गोठतं. घरी पोचल्यावर गावच्या फ्रीजमध्ये ठेवताना पुन्हा तोच नियम. तिथे मोदकांच्या गर्दीत पेन फ्रीझरमध्ये ढकललं जातं.

येऊरची_वाट | सोमवार, सकाळी ६:५५

मोदकांबद्दल दुमत नाही. :)

तपासण्यांचं थोडक्यात. उंची भिंतीवरच्या स्टॅडिओमीटरवर (उंची मोजायचं साधन), बूट-मोजे काढून, तीन वेळा मोजून सरासरी, आणि शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी. संध्याकाळपर्यंत पाठीचा कणा दबून उंची कमी भरते. पाच वर्षांवरच्या मुलांना आयएपीचा (भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना) २०१५चा वाढीचा तक्ता. उपचाराआधी वर्षाला ३-४ सेंटिमीटर वाढणारं मूल पहिल्या वर्षी १०-१२ वाढू शकतं, दुसऱ्या वर्षी ७-९. दुसऱ्या वर्षी वेग उतरतोच, पण त्याहून जास्त उतरला तर आधी वजन बघा. २० किलोला बसवलेला ०.६ डोस २४ किलोच्या मुलाला देत राहिलं की तो ०.०२५वर आलेला असतो. कुणी काही चुकवलं नाही, मूलच डोसातून मोठं झालं.

थायरॉईड दर सहा महिन्यांनी, कारण या उपचाराने लपलेली कमतरता वर येते आणि मग उंचीही अडते. लंगडणं, मांडी किंवा गुडघ्यात दुखणं म्हणजे खुब्याच्या हाडाचा माथा सरकत असू शकतो. सतत डोकेदुखी आणि उलट्या म्हणजे कवटीतला दाब. दोन्हीत सुई थांबवून त्याच दिवशी डॉक्टर, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट नाही.

अवांतर: क्लोनिडीनची चाचणी परळला असेल तर परतीची घाई करू नका. औषधाने रक्तदाब उतरतो, मूल पेंगतं. पाणी-खाणं देऊन, दाब पुन्हा मोजूनच निघा. कुर्ल्याला गाडी बदलताना गर्दीत चक्कर आली तर कठीण.

कोपरीकर | सोमवार, सकाळी ८:२०

मोठ्या माणसांचं एका ओळीत कुणी सांगेल का?

परीक्षानळी | सोमवार, सकाळी ९:०५

एका ओळीत बसत नाही. मोठ्यांना किलोवर डोस नसतो, रोज ०.२ ते ०.४ मिलिग्रॅमने सुरुवात, साठीपुढे ०.१ ते ०.२, मग आयजीएफ-१ बघत सावकाश वर. तोंडाने इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांना जास्त लागतं, कारण यकृतातून जाताना ते हार्मोनचा प्रभाव कमी करतं. त्वचेवरच्या पट्टीने तसं होत नाही. गोळीवरून पट्टीवर गेलात तर ग्रोथ हार्मोनचा डोस तोच राहून चालणार नाही, दोन्ही डॉक्टरांना सांगा. बाळंतपणात फार रक्त जाऊन पिट्युटरी सुकलेल्या स्त्रियांत कॉर्टिसोल (ताण पेलायला लागणारं हार्मोन) आधी बघतात, कारण या सुईने त्याची कमतरता उघडी पडते.

ऐरोली_पूल | सोमवार, सकाळी ९:४०

आठवड्याची सुई शनिवारी असते. तिचं रक्त चौथ्या दिवशी म्हणजे बुधवारी. आणि शनिवारची सुई राहिली तर?

परीक्षानळी | सोमवार, सकाळी १०:०२

बुधवार, बरोबर. राहिली तर औषधावर अवलंबून: लोनापेगला दोन दिवस, सोमाट्रोगॉन आणि सोमापॅसिटानला तीन दिवसांपर्यंत देता येते आणि पुढची सुई नेहमीच्या वारीच. त्याहून उशीर झाला तर ती सोडून पुढच्या शनिवारी. मात्र मंगळवारी दिलेल्या सुईनंतर लगेच बुधवारी रक्त देऊ नका. तो आठवडा मोजणीतून वगळा आणि पुढच्याच्या पुढच्या बुधवारची वेळ घ्या.